दोन म्हणजे खरंच दोन का? होस्टिंगचं डेटा सेंटर पारखताना

गोगलगाय (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. एका पतसंस्थेचं सभासद-पोर्टल शेअर्ड होस्टिंगवरून काढून भाड्याच्या सर्व्हरवर न्यायचं घाटतंय. तीन कंपन्यांची दरपत्रकं आली आहेत आणि तिन्हींवर भाषा तीच: टियर थ्री, ९९.९९ टक्के अपटाइम, एन प्लस वन वीज, चोवीस तास सुरक्षा. दरात मात्र जवळपास दुपटीचा फरक. सर्व्हर दोन घ्यायचे आहेत, एक चालू आणि एक राखीव. विचारायचं ते असं: टियरचा दावा खरा की नुसता छापील, हे कसं तपासायचं? जागा पाहायला गेलं तर नजर कुठे ठेवायची? बॅकअप त्यांचाच घ्यावा का? विक्रेत्यासमोर ठेवता येतील असे नेमके प्रश्न हवे आहेत. "सरळ क्लाउडवर जा" हा सल्ला मिळून झालाय, तो पुन्हा नको. :)

काळी मिरी
आधी टक्केवारी. ९९.९९ म्हणजे वर्षाला सुमारे ५३ मिनिटं बंद, ९९.९ म्हणजे पावणेनऊ तास. पण करारातला हा आकडा यंत्रणेच्या ताकदीचा दाखला नव्हे, ती भरपाईची अट असते. हमी मोडली तर त्या महिन्याच्या बिलातून काही टक्के वजावट, बस. पोर्टल दोन दिवस बंद राहून सभासद दारात उभे राहिले तरी हातात पडेल ती भाड्यातली सूट. शिवाय पूर्वसूचना देऊन केलेली दुरुस्ती बहुतेक करारांत हिशेबाबाहेर असते. ते कलम आधी वाचा.

आता टियर. हे दर्जे अपटाइम इन्स्टिट्यूट ही संस्था देते आणि प्रमाणपत्रं तीन वेगवेगळी असतात: आराखड्याचं, प्रत्यक्ष बांधलेल्या इमारतीचं आणि चालवण्याच्या पद्धतीचं. आराखड्याचं मिळालं म्हणजे कागदावरचं चित्र पास झालं, एवढंच. इमारतीचं मिळायला संस्थेची माणसं येऊन यंत्रं बंद करून पाहतात. प्रमाणित जागांची यादी संस्थेच्या संकेतस्थळावर आहे, त्यात तुमची इमारत शोधा. कंपनीचं नाव सापडून भागत नाही, कारण प्रमाणपत्र इमारतीचं असतं आणि एका कंपनीच्या पाच इमारतींत एकच प्रमाणित असू शकते. "टियर थ्री दर्जाचं", "टियर थ्रीच्या धर्तीवर" असं लिहिलं असेल तर प्रमाणपत्र नाही असं धरून चाला. "रेटेड थ्री" दिसलं तर ते टीआयए-९४२ या दुसऱ्याच मानकाचं आहे. ते वाईट नाही, पण वेगळं आहे.

टियर थ्रीचा नेमका अर्थ असा की वीज-कूलिंगचा कुठलाही एक भाग ठरवून दुरुस्तीला काढला तरी सर्व्हर चालू राहतात. तो भाग अचानक बिघडला तरी चालू राहतील, हे वचन टियर फोरचं. विक्रेते या दोन्हींची बेमालूम मिसळ करतात.

माझ्या मते सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. माहितीपत्रकात प्रत्येक गोष्ट दोन-दोन असते: दोन वीज-फीड, दोन फायबर, दोन प्रती. त्या दोघांत सामाईक काय, ते शोधा. वीज आणि आगीबद्दल इथली तज्ज्ञ मंडळी लिहितीलच.

अर्धा अश्वशक्ती
लिहितो. वीज दोन बाजूंनी येते, ए आणि बी. सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय, एक ए वर, एक बी वर. चित्र सुंदर. आता हिशेब करू. रॅकला, म्हणजे सर्व्हर लावायच्या कपाटाला, प्रत्येक बाजूने ३२ अँपिअरचा ब्रेकर आहे आणि दोन्ही मीटरवर २० अँपिअर दिसतायत. वरवर सगळं छान. ए गेला की सगळा भार बी वर, म्हणजे ४०. आता ३२ च्या ब्रेकरवर ४० म्हणजे सव्वापट, आणि सव्वापटीला ब्रेकर ताबडतोब उडत नाही. आतली पट्टी हळूहळू तापते, काही मिनिटं जातात, कधी अर्धा तासही. ए गेल्यावर सगळे म्हणतात, बी ने धरलं. आणि मग वीस मिनिटांनी आख्खा रॅक अंधारात. म्हणून एका बाजूचा भार ब्रेकरच्या ४० टक्क्यांपुढे जाऊ द्यायचा नसतो, ३२ ला साधारण १३ अँपिअर. तुमचा रॅक इतरांबरोबर वाटून घेतलेला असेल तर विचारा: दोन्ही बाजूंची बेरीज कोण पाहतं, आणि किती झाली की नवा सर्व्हर लावायला नकार देतात?

राखीव सर्व्हर त्याच रॅकमध्ये वर-खाली लावून देतील, कारण त्यांना केबलला सोपं जातं. लावू देऊ नका. निदान वेगळा रॅक, वेगळा यूपीएस. स्वस्त सर्व्हरला पॉवर सप्लाय एकच असतो, तेव्हा ए-बी चं सगळं पुराण त्याला लागू होत नाही. तिथे दोन बाजूंमध्ये आपोआप अदलाबदल करणारा स्विच लावतात. तो चांगल्या प्रतीचा असेल तर अदलाबदल काही मिलिसेकंदांत होते आणि सर्व्हरला पत्ता लागत नाही. पण मग तो स्विचच एकटा पडतो.

एन प्लस वन हा शब्दही उलगडून घ्या. चार यूपीएस मॉड्यूल लागतात तिथे पाच बसवली, झालं एन प्लस वन. पण पाचही एकाच आउटपुट पॅनेलवर येत असतील तर पॅनेलला राखीव नाही. संपूर्ण दुहेरी म्हणजे टू एन. दरातला दुपटीचा फरक बऱ्याचदा इथून येतो.

बॅटऱ्या. शिसे-आम्लाच्या बंद बॅटऱ्या ३०-४० ब्लॉकच्या माळेत असतात आणि माळेतला एक ब्लॉक आतून तुटला की ती माळ शून्य. खोलीचं तापमान २५ अंशांवरून आठ-दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. चार-पाच वर्षांनी बदलल्या का, प्रत्येक ब्लॉकचा अंतर्गत रोध शेवटचा कधी मोजला, हे विचारा. नोंदवही दाखवायला सांगा.

जनरेटर सुरू व्हायला दहा-पंधरा सेकंद पुरतात, बॅटरी पाच-दहा मिनिटांची असते. मधला वेळ जनरेटर सुरू न झाल्यास दुसरा प्रयत्न करण्यापुरता. जनरेटर सुरू न होण्याची कारणं ऐकून हसू येईल: त्याची स्वतःची स्टार्टर बॅटरी मेलेली, कुणीतरी सेवेसाठी "मॅन्युअल"वर केलेला स्विच "ऑटो"वर परत आणलेला नाही, आपत्कालीन बटण दाबलेलंच. दर आठवड्याला दहा मिनिटं रिकामा चालवून "चाचणी झाली" लिहिणं हे तर उलट घातक. तीस टक्क्यांखालच्या भारावर इंजिन नीट तापत नाही, न जळलेलं डिझेल आणि काजळी एक्झॉस्टमध्ये साठते आणि खऱ्या भाराच्या वेळी तो धापा टाकतो. वर्षातून एकदा कृत्रिम भार लावून काही तास पूर्ण ताकदीने चालवलेला हवा. आणि खरी परीक्षा: मुख्य वीज प्रत्यक्ष तोडून घेतलेली चाचणी शेवटची कधी झाली? इथे बरेच जण विषय बदलतात.

सुपारी
विषय बदलतात आणि चहा मागवतात. डेटा सेंटरच्या फेरीत चहा लवकर आला तर समजावं, जनरेटर दाखवणार नाहीत.
अवांतर झालं. पण मुंबईत एवढा खटाटोप लागतो का? इथे वीज जातेच कुठे?

अर्धा अश्वशक्ती
@सुपारी, १२ ऑक्टोबर २०२०. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम बंद. कळवा-पडघा पट्ट्यातल्या ४०० केव्ही वाहिन्यांचा गोंधळ, आणि मुंबईला उरलेल्या ग्रिडपासून तोडून स्वतंत्र चालवण्याची व्यवस्थाही त्या दिवशी टिकली नाही. काही भागांत वीज यायला कित्येक तास लागले. "आमच्याकडे दोन वेगळ्या सबस्टेशनची वीज आहे" हे वाक्य अशा दिवशी निरुपयोगी, कारण वर दोन्ही वाहिन्या एकाच ग्रिडला मिळतात. तिथे शेवटी डिझेलच.

डिझेलची गंमत पाहा. जनरेटरजवळची टाकी अनेक ठिकाणी ९९० लिटरची दिसेल. कारण पेट्रोलियम नियमांत एक हजार लिटरपर्यंतचं एक भांडं आणि एकूण अडीच हजार लिटरपर्यंत साठा परवान्याशिवाय ठेवता येतो. त्यापुढे पेसो या केंद्रीय पेट्रोलियम-स्फोटक सुरक्षा संस्थेचा परवाना. एक मेगावॉट भाराला तासाला अडीचशे लिटरच्या वर डिझेल लागतं, म्हणजे ९९० लिटरची टाकी चार तासही पुरत नाही. मोठा साठा जमिनीखाली कुठे आहे आणि तिथून वर आणणारा पंप कुठल्या विजेवर चालतो, हे विचारा. २०१२ च्या सँडी वादळात मॅनहॅटनमधल्या ७५ ब्रॉड स्ट्रीट इमारतीत जनरेटर उंचावर सुरक्षित होता, पण इंधनाचे पंप तळघरात, आणि तळघरात पाणी. माणसांनी बादल्यांनी सतरा मजले डिझेल चढवलं. कोकण किनाऱ्यावर २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडलेला आहे, तेव्हा तळघराचा प्रश्न इथे जास्तच मोलाचा.

बंबवाला
आगीबद्दल. सगळ्यांनी अभ्यासावं असं प्रकरण म्हणजे फ्रान्समधलं स्ट्रासबुर्ग, १० मार्च २०२१. ओव्हीएच या फ्रेंच होस्टिंग कंपनीच्या आवारात चार इमारती होत्या, एसबीजी-१ ते ४. मध्यरात्री पाऊणच्या सुमारास एसबीजी-२ च्या वीज-कक्षात आग लागली. पाच मजली इमारत पूर्ण जळाली, शेजारच्या एसबीजी-१ मधल्या बारापैकी चार खोल्या गेल्या, उरलेल्या दोन इमारती शाबूत असूनही वीज तोडावी लागल्याने बंद. इंटरनेटची पाहणी करणाऱ्या नेटक्राफ्टच्या मोजणीनुसार ३६ लाख वेबसाइट अडकल्या. माणूस एकही जखमी झाला नाही, ही मोठी गोष्ट.

अग्निशमन दलाच्या अहवालातलं काय उचलावं? आपोआप आग विझवणारी यंत्रणा नव्हती. मजल्यांची तख्तपोशी लाकडी, तासभर टिकेल अशी. विजेशिवाय हवा खेळती ठेवून थंड करायची रचना होती, तिनेच धुराड्याचं काम केलं. आणि बाहेरून सगळी वीज एका फटक्यात तोडायची सोय नव्हती. वीज-कक्षाच्या दारापाशी मीटरभर लांबीच्या ठिणग्या उडत होत्या, पूर्ण वीज तोडायला सुमारे तीन तास लागले. वीज चालू असताना पाणी मारता येत नाही. जनरेटर आणि यूपीएस दोन्ही "वीज जाऊ नये" यासाठीच झटत असतात, त्यामुळे ती मुद्दाम घालवायची वाट आधीच बांधलेली नसेल तर बंबवाले हात चोळत बसतात.

लिथियम बॅटऱ्यांचा वेगळा धडा कोरियाचा. ऑक्टोबर २०२२ मध्ये पांग्यो इथे तळघरातल्या बॅटरी-खोलीला आग लागली आणि काकाओटॉक ही तिथली मेसेजिंग सेवा सुरळीत व्हायला पाच दिवसांहून अधिक लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्या हलवण्याचं काम चालू असताना आग लागून शेकडो शासकीय प्रणाली बंद पडल्या. तिथल्या कर्मचाऱ्यांच्या फाइली ठेवायच्या साठ्याची, ८५८ टेराबाइटची, बाहेर प्रतच नव्हती. लिथियमच्या आगीत गॅसने ज्योत विझते पण आतली उष्णता जात नाही, आग पुन्हा पेटते. भरपूर पाणी लागतं. तेव्हा विचारायचं ते असं: बॅटऱ्यांची खोली सर्व्हरच्या खोलीपासून वेगळी आहे का, मधली भिंत किती तास आग अडवते, आणि त्या भिंतीतून जाणाऱ्या केबलची भोकं अग्निरोधक लेपाने बुजवलीत का? हे शेवटचं स्वतः मान वर करून पाहा. केबल नवी टाकली की भोक पाडतात, बुजवायचं राहतं. उंदीरही त्याच वाटेने येतो.

धुराचा सुगावा लावायला साधे छतावरचे डिटेक्टर पुरत नाहीत, कारण एसीच्या वाऱ्यात धूर विरून जातो. नळ्यांतून हवा सतत ओढून तपासणारी यंत्रणा हवी, वेस्डा म्हणून ओळखतात. गॅस वापरत असतील तर खोली किती हवाबंद आहे याची पंखा लावून चाचणी होते. दहा मिनिटं गॅस टिकला पाहिजे. गॅसचा दुसरा धोकाही आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये बुखारेस्टला आयएनजी बँकेने आगीची चाचणी घेतली, गॅस सुटतानाचा आवाज इतका कर्कश की हार्ड डिस्क कंपनाने बाद झाल्या आणि बँकेचे व्यवहार दहा तास ठप्प. आता आवाज कमी करणारे नोझल मिळतात.

गोगलगाय
बापरे. बंबवाला, स्ट्रासबुर्गमध्ये ज्यांनी बॅकअप विकत घेतला होता त्यांचं काय झालं?

काळी मिरी
ते मी सांगते. काहींचा बॅकअप त्याच इमारतीत होता, मूळ आणि प्रत दोन्ही जळाले. एका ग्राहकाच्या करारात बॅकअप मूळ यंत्रणेपासून भौतिकदृष्ट्या वेगळा असेल असं म्हटलं होतं, आणि २०२३ मध्ये लील इथल्या व्यापारी न्यायालयाने कंपनीला भरपाई द्यायला लावली. म्हणजे "वेगळा बॅकअप" एवढं लिहून घेऊन भागत नाही. इमारतीचा पत्ता करारात हवा. एकाच आवारातली शेजारची इमारत वेगळी धरू नका, वर एसबीजी-१ चं पाहिलंत.

क्लाउडवाल्यांचे "झोन"ही, म्हणजे एकाच विभागातली एकमेकांपासून वेगळी म्हणून विकलेली केंद्रं, याच कसाला लावा. एप्रिल २०२३ मध्ये पॅरिसजवळ कूलिंगच्या पाण्याची गळती बॅटरी-खोलीत पोहोचली, आग लागली, आणि गुगलच्या त्या विभागातला एक झोन बसला. पण विभागभर चालणाऱ्या काही सेवाही काही काळ सोबत बसल्या.

नेटका
जाळ्याकडे वळू या. "दोन वेगवेगळ्या कंपन्यांची फायबर" हे वाक्य ऐकलं की पुढचा प्रश्न: इमारतीत शिरण्याच्या जागा किती? दोन कंपन्या रस्त्याकडेला केबलची एकच नळी (डक्ट) भाड्याने घेतात आणि मग जेसीबीचा एक फावडा दोघांना एकदम कापतो. केबलमार्गाचा नकाशा मागा. तो देत नसतील तर निदान दोन शिरण्याच्या जागा, इमारतीच्या दोन बाजूंना, स्वतः पाहा. बाहेरून थोडं तपासता येतं: त्यांच्या एखाद्या चाचणी-आयपीवर वेगवेगळ्या नेटवरून एमटीआर (वाटेतले टप्पे दाखवणारं साधन) चालवा. कायम शेवटून दुसरा टप्पा एकच येत असेल तर आत राउटर एकच असण्याची शक्यता आहे.

त्यांचा आयपी-पट्टा आरपीकेआयमध्ये (कुठला पत्ता कुणी जाहीर करायचा याच्या सही केलेल्या नोंदी) नोंदलेला आहे का हे कुठल्याही सार्वजनिक तपासणी-पानावर दोन मिनिटांत कळतं. नसेल तर दुसरा कुणी चुकून किंवा मुद्दाम तुमचा पत्ता स्वतःचा म्हणून जाहीर करू शकतो.

डीडॉस, म्हणजे असंख्य यंत्रांवरून वाहतुकीचा मारा करून सर्व्हर बुडवायचा हल्ला, झाला तर काय करता, याचं उत्तर नीट ऐका. स्वस्त ठिकाणी उत्तर असतं "ब्लॅकहोल", म्हणजे तुमचा आयपीच जगाच्या नकाशावरून काढून टाकायचा, बाकीचे ग्राहक वाचतात. हल्लेखोराला हवं तेच आयतं. महाग ठिकाणी वाहतूक गाळणी-केंद्रातून फिरवून स्वच्छ करून आणतात. किती गिगाबिटपर्यंत, किती वेळ, जादा पैसे किती, हे तीन आकडे लेखी घ्या.

डीएनएस, म्हणजे डोमेनच्या नावावरून आयपी सांगणारी सेवा, त्याच कंपनीकडे ठेवू नका. डेटा सेंटर पडलं तर पत्ता बदलून राखीव ठिकाणी न्यायलाही त्यांचंच पॅनेल लागेल, आणि ते पडलेलं. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सहा तास बंद होतं ते असंच: देखभालीच्या एका आज्ञेने कण्याचं जाळं तुटलं, डीएनएस सर्व्हरांनी स्वतःचे मार्ग मागे घेतले, आणि दुरुस्तीची अंतर्गत साधनं त्याच जाळ्यावर असल्याने तीही गेली. पोर्टलच्या नोंदीचा टीटीएल (इतरांनी जुना पत्ता लक्षात ठेवायची मुदत) ३०० सेकंद ठेवा, डोमेन परस्पर हलवता येऊ नये म्हणून रजिस्ट्रार-लॉक लावा, आणि त्या खात्याचा ईमेल त्याच डोमेनवरचा नको.

सुपारी
+१. शेवटचं वाक्य ठळक करा. अर्ध्या संस्थांचा रजिस्ट्रारचा ईमेल त्याच डोमेनवर असतो.

दक्ष
सुरक्षेवर. दारावर बंदूकधारी आणि बोटांचा ठसा पाहून भारावू नका. पाहायचं ते दुहेरी दाराचं पिंजऱ्यासारखं दालन: एक दार बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही, आणि एका वेळी एकच माणूस आत. मुद्दाम यजमानाच्या पाठोपाठ शिरायचा प्रयत्न करा. अडवलं तर गुण द्या. आत आल्याची नोंद नसलेल्या कार्डाने बाहेर पडता येतं का, तेही विचारा. माल आत घ्यायचं मागचं दार, सफाई आणि एसीची माणसं, यांच्यासोबत कोणी असतं का? कॅमेऱ्याचं चित्रण निदान तीन महिने ठेवलेलं असावं, कार्ड-व्यवहारांच्या पीसीआय मानकाचीही तीच अपेक्षा आहे.

भाड्याच्या सर्व्हरचा खरा मागचा दरवाजा म्हणजे मदरबोर्डवरचा व्यवस्थापन-भाग: आयपीएमआय, आयड्रॅक, आयएलओ, नाव काहीही असो. सर्व्हर बंद असतानाही तो जागा असतो, त्यातून पडदा दिसतो, डिस्क जोडता येते, पुन्हा सुरू करता येतो. आयपीएमआय २.० च्या रचनेतच अशी खोट आहे की लॉगिन होण्याआधीच पासवर्डचा हॅश मागून घेता येतो आणि घरी बसून फोडता येतो. पासवर्ड कितीही बदला, यूडीपी ६२३ पोर्ट इंटरनेटला उघडा असता कामा नये. सर्व्हर ताब्यात आला की पहिलं काम, त्या पत्त्यावर बाहेरून एनमॅप (उघडे पोर्ट शोधणारं साधन) चालवा. उघडा सापडला तर तक्रार करा आणि व्हीपीएनमागे घ्यायला लावा.

आधीच्या भाडेकरूची डिस्क तुम्हाला आणि तुमची पुढच्याला मिळते. ती पुसण्याची रीत विचारा. चुंबकाने पुसतो म्हणाले आणि डिस्क एसएसडी असली तर उत्तर चूक आहे, फ्लॅशवर चुंबकाचा परिणाम होत नाही. सगळ्यात निर्धास्त उपाय तुमच्याच हातात: पहिल्या दिवसापासून डिस्क कूटबद्ध करा, सोडताना किल्ली नष्ट करा. पुन्हा सुरू झाल्यावर किल्ली कशी द्यायची ते मात्र आधी ठरवा. रात्री तीनला वीज आली आणि सर्व्हर पासवर्डची वाट पाहत थांबला, असं होतं.

कागदांपैकी आयएसओ २७००१ हे माहिती-सुरक्षेचं प्रमाणपत्र असेल तर त्याची व्याप्ती वाचा, कधीकधी ती फक्त मुख्य कार्यालयाची असते. सॉक-टू हा सुरक्षा-तपासणीचा अहवाल टाइप टू हवा, तो काही महिन्यांचं कामकाज तपासतो. टाइप वन एका दिवसाचं चित्र. आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची असते, लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. होस्टिंगवाला तुम्हाला किती तासांत कळवेल, ते करारात लिहा. त्याने दुसऱ्या दिवशी फोन केला तर तुमचे सहा तास केव्हाच गेलेले.

काळी मिरी
बॅकअपचा उरलेला भाग. डेन्मार्कच्या क्लाउडनॉर्डिक या होस्टिंग कंपनीचं ऑगस्ट २०२३ मधलं प्रकरण स्ट्रासबुर्गपेक्षा जास्त छळतं, कारण तिथे भिंतीला तडाही गेला नाही. सर्व्हर एका डेटा सेंटरमधून दुसऱ्यात हलवत होते, त्यांतले काही आधीच बाधित. हलवताना ते सगळं सांभाळणाऱ्या अंतर्गत जाळ्याला जोडले गेले. हल्लेखोर मध्यवर्ती व्यवस्थापनापर्यंत पोहोचले, मूळ साठा, पहिला बॅकअप, दुसरा बॅकअप, सगळं कूटबद्ध. बहुतेक ग्राहकांचं सगळं गेलं. इमारती दोन, प्रती तीन, पण चावी एकच.

म्हणून गोगलगाय, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: त्यांचा बॅकअप घ्या, झटपट परत आणायला उपयोगी पडतो. पण एक प्रत दुसऱ्या कंपनीकडे, दुसऱ्या शहरात, दुसऱ्या खात्यात. रीत अशी. रात्री डेटाबेसचा डंप घ्यायचा, मग रेस्टिक किंवा बोर्ग या बॅकअप-साधनाने कूटबद्ध करून ऑब्जेक्ट स्टोरेजवर (भाड्याचा ऑनलाइन साठा) पाठवायचा. तिथल्या त्या कप्प्याला (बकेट) ऑब्जेक्ट-लॉक लावा, ३० दिवस. तेवढे दिवस प्रशासकालाही पुसता येत नाही. सर्व्हरवर ठेवलेल्या किल्लीला फक्त लिहिण्याचा अधिकार, पुसण्याचा नको. दिवसातून एकच डंप घेतला तर दिवसभराचे व्यवहार जाऊ शकतात. पतसंस्थेला ते परवडणार नाही, तेव्हा डेटाबेसचे बदल-लॉग दर पाच-दहा मिनिटांनी बाहेर पाठवा. राखीव सर्व्हरवरची जिवंत प्रत बॅकअप म्हणून धरू नका. इकडे चुकून टेबल उडवलं की तिकडेही क्षणात उडतं. एकच माहिती अनेक डिस्कवर ठेवणाऱ्या रेडचंही तेच.

आणि महिन्यातून एकदा कोऱ्या यंत्रावर परत आणून बघा. ३१ जानेवारी २०१७ ला प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅबचा मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला तेव्हा कळलं की रोजचा डंप कित्येक दिवस निघतच नव्हता. डंप घेणारं साधन जुन्या आवृत्तीचं होतं, आणि अपयशाचे ईमेल वाटेतच नाकारले जात होते. सहा तासांपूर्वी हाताने घेतलेल्या एका प्रतीवर ते वाचले. तपासताना "फाइल तयार झाली" एवढं पाहू नका. परत आणल्यावर सभासदांच्या ओळी मोजा, शेवटच्या व्यवहाराची वेळ पाहा, लागलेला वेळ घड्याळ लावून लिहा. दोनशे जीबी परत यायला चार तास लागत असतील तर संचालक मंडळाला आजच सांगून ठेवलेलं बरं.

बंबवाला
कूलिंग राहिलं की सगळ्यांचं. थोडक्यात: सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ अंश हवेत. वीज जाऊन आली की चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) परत सुरू व्हायला काही मिनिटं घेतो आणि दाट भरलेल्या खोलीत तेवढ्यात तापमान झरझर चढतं. पंखे आणि पंप यूपीएसवर आहेत का, थंड पाण्याची राखीव टाकी आहे का, विचारा. यंत्रं कुठल्या बाहेरच्या तापमानाला पूर्ण क्षमता देतात, तेही. १९ जुलै २०२२ ला ब्रिटनमध्ये पारा चाळीशीपार गेला तेव्हा लंडनमध्ये गुगल आणि ओरॅकल दोघांची कूलिंग यंत्रणा हरली. विदर्भात जागा घेणार असाल तर हा आकडा लेखीच घ्या. ऐरोली-महापे पट्ट्यात खाडी आणि रासायनिक कारखाने जवळ, तिथे हवेतलं गंधक चांदी-तांबं खातं. तांब्या-चांदीच्या पट्ट्या महिनाभर खोलीत ठेवून गंज मोजतात, तो अहवाल मागा.

गोगलगाय
मंडळी, सोनं दिलंत. तिन्ही कंपन्यांना पाठवायचा मसुदा असा केलाय:
१. प्रमाणपत्र कुठल्या इमारतीचं, तिन्हींपैकी कुठलं?
२. आमचे दोन सर्व्हर कुठल्या रॅकमध्ये, कुठल्या यूपीएसवर?
३. वीज तोडून घेतलेली शेवटची चाचणी कधी, अहवाल द्याल का?
४. बॅटरी-खोली कुठे, भिंत किती तासांची?
५. डिझेल किती तासांचं?
६. फायबर शिरण्याच्या जागा किती?
७. डीडॉसमध्ये नेमकं काय करता?
८. बॅकअपचा पत्ता, आणि तो पुसण्याचा अधिकार कोणाकडे?
काही राहिलं?

दक्ष
आठव्यात जोडा: तो अधिकार आणि मूळ सर्व्हरचा अधिकार एकाच लॉगिनने मिळतो का? आणि नववा: आयपीएमआय कुठल्या जाळ्यावर?

अर्धा अश्वशक्ती
पाचवा बदला. "किती तासांचं" विचारलंत तर आजच्या भारावर हिशेब करून ७२ सांगतील, इमारत अर्धी रिकामी असते. "पूर्ण भरलेल्या इमारतीला किती तासांचं, आणि त्यातलं किती लिटर या क्षणी टाकीत आहे" असं विचारा. डिझेल पुरवणाऱ्याशी करार आहे का, तो किती तासांत टँकर आणायला बांधील आहे, आणि जवळपासच्या बाकीच्या डेटा सेंटरांचा पुरवठादारही तोच आहे का, हेही त्यातच घाला. सगळ्यांची वीज एकदम गेली तर तो टँकर आधी कुणाकडे वळेल, ते तिथून कळेल.